मूळ चिप, नवा बोर्ड : स्पेक्ट्रम बांधताना शिकलेल्या अकरा गोष्टी

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा आणि कॅसेट रेकॉर्डर हीच त्याची डिस्क. १९८४ मध्ये कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन तोच ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात बनवला. त्यामुळे आपल्याकडे माळ्यावर, बंद क्लासच्या कपाटात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात हे यंत्र अजूनही अधूनमधून हाती लागतं. बहुतेक वेळा ते मेलेलं असतं. बोर्डाचे ट्रॅक गंजलेले, कळफलकाची पट्टी तुटलेली, कुणीतरी अर्धवट दुरुस्ती करून ठेवलेली. पण त्यावरच्या चार-दोन चिप धडधाकट निघतात.

अशा यंत्रांमधले मूळ भाग काढून, नव्या बोर्डावर स्पेक्ट्रम उभा करायचा, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग आहे. मी याला छंद म्हणतो, घरचे खाज म्हणतात. या कामातून जे हाताला लागलं ते क्रमाने मांडतो. ज्याला सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर वापरता येतो त्याला हे जमण्यासारखं आहे. बाकी लागतो तो धीर.

१. मूळ काय ठेवायचं हे आधी ठरवा

‘होईल तितकं मूळ ठेवू’ असं म्हणून सुरुवात केली की काम फसतं. चाळीस वर्षांपूर्वीचे कपॅसिटर मूळ आहेत म्हणून ठेवले, तर तेच एक दिवस मूळ चिप घेऊन मरतात. मी एकच कसोटी लावतो. जो भाग आज कुणी बनवत नाही आणि ज्याच्या वागण्यावर सगळ्या यंत्राचं वागणं ठरतं, तो मूळ हवा. बाकी सगळं नवं घ्यायचं, हळहळ न करता.

स्पेक्ट्रममध्ये या कसोटीला पहिली उतरते ती यूएलए ही चिप. मँचेस्टरजवळच्या फेरांटी कंपनीने बनवलेली, सिंक्लेअरच्या रिचर्ड ऑल्टवासरने आखलेली. टीव्हीवरचं चित्र तीच काढते, प्रोसेसरला क्लॉक तीच देते, कळफलक तीच वाचते, टेपचा आवाज तीच आत घेते आणि बाहेर सोडते, स्पीकरही तीच वाजवते. शिवाय खालच्या १६ केबी मेमरीतून ती चित्राचा मजकूर वाचत असताना प्रोसेसरनेही तिथेच हात घातला, तर ती सरळ प्रोसेसरचा क्लॉक थांबवते. त्या काळच्या खेळ लिहिणाऱ्यांनी या थांबण्याचा हिशेब धरून प्रोग्रॅम लिहिले. आर्केनॉइडसारख्या खेळाने तर यूएलए त्या क्षणी मेमरीतून काय वाचते आहे ते डोकावून बघण्याची युक्ती वापरली. ही चिप जशीच्या तशी नसेल तर असा खेळ अडखळतो.

तिचे पर्याय नाहीत असं नाही. क्रिस स्मिथ यांनी या चिपच्या आतल्या रचनेचा छडा लावला आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याच हार्लेक्विन या रचनेत यूएलएचं काम साध्या लॉजिक चिप मिळून करतात. तो वेगळा आणि सुंदर प्रकल्प आहे. पण मूळ भागांभोवती यंत्र बांधायचं असेल तर यूएलए मूळ हवी, तिच्या मागोमाग झेड८० प्रोसेसर आणि रॉम. बोर्डावरच्या भागांची यादी इथेच संपते.

२. चालू यंत्र कधीही फोडू नका

चालू स्पेक्ट्रम मिळाला तर तो स्वच्छ करा, वीजपुरवठा तपासा आणि तसाच ठेवा. त्यातून चिप काढून प्रतिकृती बांधणं म्हणजे एक खरं यंत्र मोडून एक खोटं यंत्र करणं. भाग घ्यायचे ते ज्याचा बोर्ड दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे अशाच यंत्रातून.

‘पलीकडे गेला’ हे ठरवतानाही घाई नको. स्पेक्ट्रमचा एक ठरलेला आजार आहे. मागच्या बाजूच्या कनेक्टरला जॉयस्टिकचा इंटरफेस चालू विजेवर लावला किंवा काढला, की बोर्डावरचा टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर जातो, आणि त्याच्यासोबत बहुतेक वेळा मेमरीच्या एकदोन चिप. यंत्र पूर्ण मेल्यासारखं दिसतं, पण दुरुस्ती संध्याकाळभराची असते. असे बोर्ड लोक भंगारात देतात. ते आधी दुरुस्त करून बघावेत. ज्यांतून भाग काढायचे त्या यंत्रांच्या यादीत ते शेवटी.

३. बाजारात चिपच्या पाठीवरचं वाचा

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, ही आपली ठिकाणं. साध्या ७४ मालिकेच्या लॉजिक चिप, बेस, कपॅसिटर, क्रिस्टल हे सगळं गल्लीत मिळतं. दुकानदाराला ‘एलएस एकशे सत्तावन्न’ म्हटलं की तो नंबर न बघता डबा काढतो. जुनी मेमरी आणि झेड८० मात्र नशिबावर.

जुन्या चिपवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ८४१३ म्हणजे १९८४ सालचा तेरावा आठवडा. एकाच बोर्डावरच्या चिपचे आठवडे साधारण जवळपासचे असतात. मेमरीच्या आठ चिपमध्ये सात १९८४ च्या आणि एक १९९१ ची दिसली की समजायचं, तिथे आधी कुणाचा तरी हात लागून गेला आहे.

नवी म्हणून विकली जाणारी जुनी चिप हा दुसरा प्रकार. जुना शिक्का घासून वर नवा छापतात. कापसाला ॲसिटोन लावून पाठीवर फिरवा. छपाई कापसावर आली किंवा खाली घासल्याच्या रेघा दिसल्या, तर परत द्या. झेड८०च्या बाबतीत ही काळजी आता जास्त घ्यावी लागेल. १९७६ पासून बाजारात असलेल्या या प्रोसेसरच्या सुट्या चिपचं उत्पादन थांबवत असल्याचं झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये कळवलं आणि शेवटच्या मागण्या जून २०२४ पर्यंतच घेतल्या. जी चिप कालपर्यंत कुठेही मिळत होती ती आता साठवणीची वस्तू झाली.

इथे एक बारीक गोष्ट. जुना झेड८० एनमॉस प्रकारचा, नंतरचा सीमॉस प्रकारचा. दोन्ही स्पेक्ट्रममध्ये चालतात. पण पुस्तकात न छापलेली एक आज्ञा अशी आहे की तिला एनमॉस चिप बाहेर शून्य पाठवते आणि सीमॉस चिप २५५. रोजच्या वापरात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तरी मूळ वागणूक हवी असेल तर एनमॉसच शोधा.

४. चिप काढताना बोर्डाची दया करू नका

बोर्ड मेलेला आहे हे एकदा मान्य केलं की काम सोपं होतं. यूएलए बहुतेक वेळा बेसमध्ये असते. दोन्ही टोकांकडून चपट्या स्क्रूड्रायव्हरने आळीपाळीने थोडं थोडं उचलायचं. एकाच बाजूने उचलली की दुसऱ्या टोकाचे पाय वाकतात, आणि वाकलेला पाय सरळ करताना तुटतो.

प्रोसेसर आणि रॉम थेट सोल्डर केलेले असतील तर प्रत्येक पायावर आधी थोडं ताजं शिशाचं सोल्डर आणि भरपूर फ्लक्स द्या. जुनं सोल्डर ताज्यासोबत लवकर वितळतं. मग पंपाने ओढून घ्या. तरी सुटत नसेल तर चिपभोवतीचा बोर्ड करवतीने कापून लहान तुकडा करा आणि तो खालून हॉट एअरने तापवा. भोकांचे ट्रॅक उखडले तर उखडू देत. चिपला मात्र एका जागी जास्त वेळ उष्णता लागू देऊ नका.

पाय काळे पडलेले दिसले तर घाबरू नका. त्या काळच्या बऱ्याच चिपच्या पायांना चांदीचा मुलामा असे, आणि हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. शाळेतलं साधं खोडरबर घ्या, पायांच्या रुंद बाजूवर वरून खाली हळू फिरवा, मग अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावला तर मुलामाच निघून जातो.

काढलेली चिप काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून ठेवा आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहा : कुठल्या यंत्रातून, कुठल्या जागेवरून, कधी काढली. सहा महिन्यांनी यातलं काहीही आठवत नाही.

५. बोर्ड निवडताना आधी यूएलएचा नंबर बघा

स्पेक्ट्रमचे मूळ बोर्ड वेगवेगळ्या आवृत्त्यांत निघाले. त्यांना इश्यू म्हणतात. हौशी लोकांनी यातले काही बोर्ड ट्रॅक न् ट्रॅक तपासून पुन्हा रेखाटले आहेत. ती फाइल पीसीबी बनवणाऱ्याला दिली की बोर्ड तयार होऊन येतो. पण आधी आपल्या हातात कुठली यूएलए आहे ते बघा. ५सी ने सुरू होणारा नंबर सुरुवातीच्या, इश्यू एक आणि दोनच्या बोर्डांचा. ६सी नंतरच्या, इश्यू तीनपासून पुढच्या बोर्डांचा. चिपनुसार बोर्ड घ्यायचा. बोर्ड आवडला म्हणून तो आधी मागवायचा आणि मग चिप शोधत फिरायचं, हा उलटा घास.

नव्या बोर्डावर सगळ्या मोठ्या चिपना बेस लावा. मूळ कारखान्यात पैसे वाचवायला अनेक चिप थेट सोल्डर केल्या होत्या, आपल्याला ते अनुकरण करायचं नाही. इथे काटकसर नको. स्वस्त एकपाती बेस वर्षभरात सैल पडतो आणि मग ‘कधी चालतो, कधी नाही’ अशी तक्रार सुरू होते. दोन्ही बाजूंनी पाय धरणारे दुहेरी पातीचे बेस घ्या. रिकाम्या बेससह बोर्ड पूर्ण झाला की भिंगाखाली प्रत्येक जोड बघा. ड्राय सोल्डर आत्ताच सापडलं तर दोन मिनिटांचं काम, नंतर दोन दिवसांचं.

६. एकही चिप न बसवता वीज द्या

हा सगळ्यात महत्त्वाचा बोल. मूळ चिप जायची असेल तर ती बहुतेक पहिल्या पाच सेकंदांत जाते.

स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण त्याची मधली पिन ऋण आणि बाहेरची बाजू धन असते. आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलट. प्लग बसला म्हणून लावायचा नाही, मीटरवर पोलॅरिटी बघायची.

आत ७८०५ रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ करतो आणि वरचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो. मूळ यंत्र तासाभरात बंबासारखं तापायचं ते यामुळेच. तीन पायांचाच, त्याच जागी बसणारा स्विचिंग रेग्युलेटर आता मिळतो, आणि तो जवळजवळ गार राहतो. मी नेहमी तोच लावतो. मूळ दिसण्यापेक्षा शेजारच्या यूएलएचं आयुष्य मोलाचं. तिच्या पाठीवरही छोटा ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवा. ती स्वतःही चांगलीच तापते, आणि कारखान्यातून निघताना तिच्यावर काहीच नसे.

तिसरी गोष्ट म्हणजे खालच्या मेमरीच्या ४११६ चिप. त्यांना तीन वीजपुरवठे लागतात : पाच, बारा आणि उणे पाच व्होल्ट. बारा आणि उणे पाच तयार करायला बोर्डावर एक कॉइल आणि टीआर-४ यांची जोडी असते. उणे पाच व्होल्ट आले नाहीत आणि बारा मात्र आले, तर ४११६ चिप जळतात. म्हणून रिकाम्या बेसवरच मोजायचं : पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५, पाय १६ ग्राउंड. आठही बेसवर, प्रत्येक पाय. चारही आकडे बरोबर आले की वीज बंद करा, थोडं थांबा, मग पहिली चिप हातात घ्या.

७. आधी १६ केबी, मग ४८

सगळ्या चिप एकदम बसवून बटण दाबायचा मोह होतो. तो आवरा. स्पेक्ट्रमच्या रचनेतच टप्पे आहेत, त्यांचा फायदा घ्या.

पहिल्या टप्प्यात फक्त यूएलए, खालची मेमरी आणि तिच्या जोडीच्या लॉजिक चिप. प्रोसेसर नसतानाही यूएलए चित्र काढतच राहते. मेमरीत त्या वेळी जो कचरा असेल तो रंगीत पट्ट्या आणि चौकटींच्या रूपात टीव्हीवर दिसतो. हा कचरा दिसला म्हणजे वीज, क्लॉक, यूएलए आणि व्हिडिओ इतकी बाजू ठीक आहे.

दुसऱ्या टप्प्यात रॉम आणि झेड८०. वरच्या ३२ केबी मेमरीचे बेस रिकामेच ठेवा. १२५ पौंडांचा स्पेक्ट्रम असाच विकला जात होता, त्यामुळे यंत्र तक्रार करत नाही. इथपर्यंत चाललं की मग वरची मेमरी.

या वरच्या मेमरीची कथा ऐकण्यासारखी आहे. सिंक्लेअरने तिथे ६४ केबिटच्या सदोष चिप वापरल्या. ज्यांचा अर्धाच भाग चालतो अशा चिप स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला अर्धा भाग वापरला. कुठला अर्धा चांगला आहे ते चिपच्या नंबरात दिलेलं असतं, आणि बोर्डावरच्या जंपरने तेच यंत्राला सांगायचं असतं. आठही चिप एकाच जातीच्या लागतात. आज त्या शोधत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण चालणाऱ्या ४१६४ चिप घ्या, त्यांना कुठलाही अर्धा चालतो.

मात्र हीच ४१६४ चुकून खालच्या, ४११६च्या बेसमध्ये बसवू नका. दोन्ही सोळा पायांच्या आणि दिसायला सारख्याच. पण ४१६४ ला पाय ८ वर ५ व्होल्ट लागतात, आणि त्या बेसमध्ये तिथे १२ असतात. चिपच्या डब्यांवर मोठ्या अक्षरात ‘वरची’ आणि ‘खालची’ असं लिहून ठेवा.

८. पहिला पडदा वाचायला शिका

ऑसिलोस्कोप नसेल तरी अडत नाही. स्पेक्ट्रम चालू होताना स्वतःची मेमरी तपासतो आणि ती तपासणी पडद्यावर दिसते. रॉम मेमरीच्या प्रत्येक घरात २ हा आकडा लिहिते. चित्राच्या भागात २ म्हणजे आठ ठिपक्यांमधला एकच ठिपका पेटलेला, आणि रंगाच्या भागात २ म्हणजे काळ्यावर लाल. म्हणून क्षणभर काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात. मग रॉम ते आकडे वाचून उतरवते, पडदा पांढरा होतो आणि खाली १९८२ सालच्या सिंक्लेअर रिसर्चच्या हक्काची ओळ येते.

लाल रेघा आल्याच नाहीत तर दोष प्रोसेसर, रॉम किंवा त्यांच्या रस्त्यात. रेघांमध्ये ठराविक अंतराने जास्तीचे ठिपके दिसले तर दोष खालच्या मेमरीच्या एखाद्या चिपमध्ये.

ओळ आल्यावर पुढची चाचणी बेसिकमध्ये : प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ केबी शाबूत. ३२७६७ आलं तर यंत्राला फक्त १६ केबी दिसते आहे. मधलाच काही आकडा आला तर त्याच्या लगेच पुढच्या पत्त्यावर मेमरी बिघडली आहे. मग त्या घरात पोकने ० लिहा आणि परत वाचा. आठ चिपमधली प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते. ० लिहून १६ परत आले तर पाचव्या बिटची चिप दोषी. एवढ्यावर नेमकी कुठली चिप बदलायची ते कळतं.

९. बटणं जुनी, मेम्ब्रेन नवं

स्पेक्ट्रमची रबरी ४० बटणं काय किंवा प्लसची ५८ कडक बटणं काय, आत शेवटी प्लॅस्टिकच्या पातळ थरांचं मेम्ब्रेनच असतं. त्याची बोर्डापर्यंत येणारी पट्टी वयाबरोबर ठिसूळ होते आणि कनेक्टरमध्ये घालतानाच तडकते. तिला चिकटपट्टी, चांदीचा रंग वगैरे उपाय दोन महिने टिकतात. नवी मेम्ब्रेन आजही बनतात, ती घ्या. बटणांच्या टोप्या आणि वरची चौकट मात्र मूळच ठेवा, कारण हात लागतो तो त्यांना.

प्लसमध्ये १८ बटणं जास्तीची असली तरी बोर्डाला ती कळत नाहीत. जास्तीचं बटण दाबलं की मेम्ब्रेनचे थर जुन्यातली दोन बटणं एकदम दाबतात. म्हणून एखादं जास्तीचं बटण चालत नसेल तर ज्या दोन बटणांचं ते मिळून बनतं ती आधी तपासा.

कळफलकाची जोडणी आठ रांगांची, प्रत्येक रांगेत पाच बटणं. सलग पाच बटणं बंद असतील तर पत्त्याच्या बाजूचा एक डायोड किंवा पट्टीतली एक रेघ गेली आहे. आठही रांगांत एकेक बटण बंद असेल तर दोष डेटाच्या बाजूच्या पट्टीत. इथेही उत्तर मीटरआधी कागद-पेन्सिलने सापडतं.

१०. टीव्हीसाठी दोन तारा, टेपसाठी फोन

मूळ यंत्र मॉड्युलेटरमधून यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर चित्र पाठवायचं. आजच्या टीव्हीवर ते धूसर दिसतं किंवा दिसतच नाही. मॉड्युलेटरमध्ये शिरणारा कंपोझिट सिग्नल थेट बाहेरच्या सॉकेटला जोडला की चित्र स्वच्छ येतं. स्पेक्ट्रमची पाल पद्धत आपल्याकडेही चालत आली असल्यामुळे रंगांचा प्रश्न येत नाही. काही नवे एलईडी टीव्ही मात्र इतका जुना सिग्नल पकडायला नकार देतात. अशा वेळी दोष आपल्या बोर्डात शोधण्याआधी दुसरा टीव्ही लावून बघा. मॉड्युलेटरचा डबा फेकू नका, आतलं बाजूला करून सॉकेट त्यातच बसवा. बाहेरून यंत्र तसंच दिसतं.

टेप रेकॉर्डरऐवजी फोन चालतो. प्रोग्रॅमची ध्वनिफाइल फोनवर वाजवायची, हेडफोनच्या भोकातून मोनो वायर इअर सॉकेटमध्ये, आवाज जवळजवळ पूर्ण. आधी लाल-निळसर रुंद पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे. बाकी ॲप बंद ठेवा, कारण मध्ये एखादा मेसेज टुणकन वाजला तरी लोडिंग कोसळतं. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या ऐकायच्या आधी संगणकावर उतरवून घ्या. चाळीस वर्षांच्या फितीला किती वेळा वाजवून घेता येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

४८ केबीचा खेळ लोड व्हायला पाचेक मिनिटं लागतात. तो पूर्ण लोड होऊन नीट चालला, तर क्लॉक, मेमरी, यूएलए, प्रोसेसर सगळ्यांची परीक्षा एकदम झाली असं समजा. मी याच्याइतकी कडक दुसरी चाचणी वापरत नाही.

११. प्रतिकृतीवर ‘प्रतिकृती’ असं लिहा

हा बोल तंत्राचा नाही, पण टाळण्यासारखाही नाही. १९७६ मध्ये स्टीव्ह वॉझ्निअॅकने आखलेला ॲपल-१ हा संगणक साधारण २०० नगांपुरताच बनला. किंमत होती ६६६.६६ डॉलर, आज त्यांचे लिलाव होतात. त्याचेही बोर्ड हुबेहूब बनवले जातात, आणि हौशी लोक त्यावर त्या काळचा पांढरा सिरॅमिकचा ६५०२ प्रोसेसर आणि सिग्नेटिक्सच्या शिफ्ट रजिस्टर चिप शोधून बसवतात. बनवणाऱ्याचा हेतू स्वच्छ असतो. पण यंत्र दोन-तीन हात फिरलं की ते मूळ की नक्कल हे तज्ज्ञांनाच भिंग लावून ठरवावं लागतं.

स्पेक्ट्रमला तेवढी किंमत नाही, म्हणून ही शिस्त पाळायची गरज नाही असं नव्हे. मी बोर्डाच्या तांब्यातच ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि साल छापून घेतो. झाकणाच्या आत एक कागद चिकटवतो : कुठली चिप मूळ, तिचा आठवडा कुठला, ती कुठल्या यंत्रातून आली, कुठले भाग नवे. काढलेले पण न वापरलेले मूळ भाग त्याच खोक्यात पिशवीत ठेवतो. उद्या हे यंत्र कुणाच्याही हाती गेलं तरी त्याला फसवणूक वाटू नये, आणि दुरुस्ती करायची झाली तर नेमकं काय कुठे आहे ते कळावं.

या सगळ्या कामाचा माझा निष्कर्ष साधा आहे. प्रतिकृती म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब मूर्ती नव्हे. जे भाग पुन्हा बनणार नाहीत त्यांना सुरक्षित वीज, गार जागा आणि घट्ट बेस देऊन आणखी काही वर्षं चालतं ठेवायची ती सोय आहे. हा हेतू पक्का असला की कुठे मूळ धरून बसायचं आणि कुठे नवं घ्यायचं, हा वाद आपोआप मिटतो.

तुमच्या किंवा ओळखीच्या घरात डीबी स्पेक्ट्रम किंवा त्या काळचा कुठलाही संगणक पडून असेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत तो भंगारात देऊ नका. चालू असेल तर जपा. बंद असेल तर चुकूनही भलता अडॅप्टर लावून बघू नका. तो तसाच कुणा जाणत्याकडे द्या. बोर्ड गेला असला तरी आतली यूएलए जिवंत असू शकते, आणि ती आता जगात कुठेही बनत नाही.